सुतकानंतरचा नंबर

मुलांनो, जरा मनात आणा. मोठा तलाव आहे आणि सांडव्यापाशी जाळं टाकायची जागा एकच. सगळ्यात जास्त मासळी तिथंच. गावात ढिवरांची घरं अकरा. मग आज तिथं कुणी जायचं?

हे ठरवायचं काम नववीतल्या उर्वशीच्या प्रोग्रामकडे होतं. ऊर्जानगरला नोकरी करणाऱ्या चुलतभावानं, निकेशनं, तिला एलिक्झिर नावाची संगणकाची भाषा शिकवली होती. आजवर ज्या घराला कमी वेळा नंबर मिळाला, त्याचं नाव वर. पण दिवाळीपासून मुखरूच्या घराचा नंबर एकदाही लागला नव्हता, आणि उर्वशीचे वडील पोचू मात्र सातदा जाऊन आले होते.

"पोचूभाऊ, मशीनले घरचा भात चारून राह्यले काय?" तलावाच्या पाळीवर मुखरू म्हणाला. सगळे हसले. त्याची बायको कुंता हसली नाही. "उद्यापासून चिठ्ठ्या टाकू," ती म्हणाली, "अन् पोचूभाऊले वर्षभर सांडव्यावर जाऊ द्यायचं नाई."

उर्वशीला ते झोंबलं. तिनं तर काही केलं नव्हतं. मग कुणी केलं? लॅपटॉपला हात लावणारा दुसरा माणूस एकच होता. तो दिवस रविवारचा; सुट्टीला निकेश घरी आला, त्यानं भाषेची नवी आवृत्ती टाकली, आणि इतके दिवस मुकाट चालणाऱ्या प्रोग्रामखाली पिवळ्या अक्षरांत इशारा उमटला.

"दादा, तूच बिघडवलं न? आधी असं काईच येत नोतं."

"मी काऊन बिघडवू? वाच तं खरं. पहिले हे भाषा पाहतच नोती. आता शब्द कुठी, आकडा कुठी, ते आधीच तपासून घेते. नेटवर या भाषेचा फोरम पाह्य, कितीक लोकांयच्या जुन्या चुका अशाच निघून राह्यल्या."

तिनं वाचलं. ओळ चौतीस. इथं शब्दाची आकड्याशी तुलना होते आहे.

चौतिसावी ओळ तिनंच लिहिलेली. घरात कुणी वारलं की सुतक फिटेपर्यंत त्या घरानं जाळं टाकायचं नाही, आणि फिटल्यावर पहिला नंबर त्यालाच द्यायचा, अशी गावाची रीत. मुखरूची आई गेली तेव्हा उर्वशीनं त्याच्या आकड्याच्या जागी 'थांबा' हा शब्द ठेवला आणि सुतक फिटायच्या तारखेपर्यंत ते नाव यादीतून वगळलं. शब्द म्हणजे शून्यच, सुतक फिटलं की तो आपोआप सगळ्यांच्या वर येईल, असं ती धरून चालली होती. पण या भाषेत कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. सुतक फिटून दोन महिने झाले, तरी मुखरूचं नाव रोज तळाशी.

निकेशनं आवाज खाली आणला. "आता गुपचूप दुरुस्त करून टाक. उद्या मुखरूकाकाचं नाव वर येईन. कोणाले काय समजते?"

उर्वशीनं ते पिवळं वाक्य तसंच राहू दिलं. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून ती भर दुपारी मुखरूच्या अंगणात गेली आणि तिनं हाक मारली, "कुंताकाकू, काकाले बोलवा. चूक माही हाये."