रिकाम्या पारड्याचं माप

तीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले. त्या नोकरीतला पहिला नियम म्हणजे पारडं आधी रिकामं करायचं. धूळ असली तर तीही पुसायची, मगच माप. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. त्यामुळे सूनबाईच्या ऑफिसचं पत्र आलं तेव्हा काम आपसूक माझ्याकडे आलं आणि खरं सांगायचं तर मी खूश झालो.

पत्रात लिहिलं होतं, घरच्या इंटरनेटचा वेग सात दिवस, दिवसातून तीनदा मोजून कळवा. घरातून बाहेर जाणारा वेग, म्हणजे सूनबाईचा आवाज आणि चेहरा पलीकडे पोचवणारा, तीन एमबीपीएसच्या खाली असेल तर घरून काम बंद, ऑफिसच्या शहरात येऊन राहा. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सूनबाई गेली की तीन वर्षांची नातही जाणार. मला ते नको होतं.

मी वही काढली, रेघा मारल्या. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. मोजण्याआधी हुकूम सोडायचो, सगळे मोबाइल बंद, टीव्ही बंद. आणि आमच्या हिचा कॉलसुद्धा.

हिचा कॉल ही एक वेगळीच भानगड आहे. हिची मोठी बहीण दुसऱ्या गावात एकटी राहते. दोघी सकाळी आठला व्हिडिओ लावतात तो दिवसभर तसाच. बोलत मात्र नाहीत. इकडे ही भाजी चिरते, तिकडे ताई कपड्यांच्या घड्या घालते. मोबाइलवर बहुतेक वेळ ताईचं कपाळ आणि छत दिसतं.

"नुसता लावून ठेवता कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ती आहे ना तिथे," ही म्हणाली. संपलं.

तर मी मोजायला बसलो की ही आठ्या घालून कॉल तोडायची. ४.८, ४.७, ४.९. सात दिवसांत एकवीस मापं, एकही चारच्या खाली नाही. मी मिशीवर ताव मारला.

सूनबाईनं वही पाहिली आणि जरा घुटमळली. "बाबा, आकडे छान आहेत. पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. कालही साहेब दोनदा म्हणाले, ऐकू येत नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही," मी गुरकावलो.

"यंत्र नाही हो. पण तुम्ही मोजता तेव्हा घरात कुणी श्वाससुद्धा घेत नाही."

पारडं रिकामं करतात ते काटा तपासायला. मला काटा तपासायचा नव्हता, घर मोजायचं होतं, आणि घरात माणसं होती. तीस वर्षांत एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिचा कॉल चालू ठेवून मोजलं. २.३. परत मोजलं. २.२.

"आधीचेच आकडे द्या की पाठवून," ही म्हणाली. "मोजलेलेच आहेत, मनचे थोडेच आहेत?"

मोह झाला, नाही म्हणत नाही. नात माझ्या पायाशी बसून वहीच्या शेवटच्या पानावर गिरगटत होती.

"जन्मभर लोकांचे काटे जप्त केले मी," मी म्हणालो. "आणि आकडा पाठवला तरी तिचा आवाज तुटायचा तो तुटणारच. साहेब किती दिवस खपवून घेईल?"

ताई सगळं ऐकत होती. तिचा अख्खा चेहरा मोबाइलवर आला.

"अगं, दोघींचं चित्र बंद करू. नुसता आवाज राहू दे."

"मग तू आहेस हे मला कळणार कसं?"

"बोलत जाईन मी."

हिनं पदरानं नाक पुसलं आणि चित्र बंद केलं. मी मोजलं. ४.५.

दिवसाला वीस शब्द न बोलणाऱ्या त्या दोघी मग सुटल्याच. "मटार सोलतेय." "दार कुरकुरतंय गं." "शेजारीण आज दिसली नाही." कान किटले म्हणून मी कुरकुर केली, पण ती वरवरची. मी पुन्हा सात दिवस मोजलं, या वेळी टीव्ही, कॉल, नातीचा गोंधळ, सगळं चालू ठेवून. सगळ्यात कमी आकडा ४.१ आला. तेच पान पाठवलं.

परवानगी आली. सूनबाईनं नातीला उचलून गरागरा फिरवलं, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्तानं खिडकीकडे तोंड केलं.

सूनबाईचं काम सहाला संपतं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, माझं आटपलं. आता रोज सहानंतर मावशींचं चित्र लावत जा."

हिनं लावलं. पलीकडे ताई ताठ बसली होती. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे.

"अगं ताई, कुठे निघालीस?"

"कुठे नाही," ताई म्हणाली. "सहा वाजायची वाट बघत होते."