बॉनेटवरची धायटवाडी

मित्रांनो, मी जीप आहे आणि आता चांगलीच म्हातारी झाले आहे. नसरापूरहून वेल्ह्याच्या बाजूला जाताना तुमच्या गाडीने मला कधीतरी मागे टाकलं असेल. माझा वेग आता बेताचाच आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो भोरमधला लियाकतभाई पेंटरांचा ब्रश. माझे मालक आनंदराव मला नवी कोरी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "आमच्या वाडीचं नाव घाल." लियाकतभाईंनी पेन्सिलीची रेघही न मारता माझ्या बॉनेटवर पिवळ्या रंगात 'धायटवाडी' लिहिलं. आनंदरावांना तेव्हा वाचता येत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर लिवलंय नव्हं?"

"न्हाई, मुंबई लिवलंय," लियाकतभाई म्हणाले, आणि दोघं तिथंच दोस्त झाले.

पुढे मी पुष्कळ वर्षं राबले. तांदळाची पोती, बाळंतिणी, नवऱ्यामुली, शाळेची पोरं, राजगडावर जाणारे पाहुणे, सगळ्यांना मी वाहिलं. चढाला मी कधी अडले नाही म्हणून लोक माझ्या पाठीवर थाप मारत.

मग धरण झालं. पाणी चढत गेलं आणि वाडी उठली. कुणी सारोळ्याला गेलं, कुणी किकवीला. आनंदराव किकवीला आले. शाळेच्या भिंतीवरचं नाव पाण्याखाली गेलं, थांब्यावरची पाटी गेली. आता धायटवाडी हे नाव कुठे लिहिलेलं दिसत असेल, तर ते फक्त माझ्या बॉनेटवर.

आणि तेच झिजू लागलं. रस्त्यावरचे खडे उडून अक्षरांवर बसत. 'ध'चा कपचा उडाला तेव्हा आनंदराव पुन्हापुन्हा तिथे बोट फिरवत राहिले. लियाकतभाईंचे हात आता थरथरतात, कपातला चहा निम्मा बशीत सांडतो. दुसऱ्या कुणाचा ब्रश आनंदराव अक्षरांना लावू देईनात. तेव्हा त्यांची मुलगी शिवानी रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म घेऊन आली. "आबा, आपण घरीच लावू. खडा लागला तरी फिल्मला लागंल, नावाला न्हाई."

ठरल्या दिवशी लियाकतभाईही भोरहून आले आणि अंगणात बाजेवर बसले. शिवानीने धूळ उडू नये म्हणून अंगण भिजवलं. बॉनेटवर साबणाचं पाणी फवारलं, फिल्मच्या चिकट बाजूवरही फवारलं. बापलेकीने चारी कोपरे धरून फिल्म माझ्यावर अलगद ठेवली. शिवानी रबरी पट्टीने मधून कडेला पाणी रेटू लागली.

"आनंदा, लग्नातबी तुला एवढा घाम न्हवता," लियाकतभाई म्हणाले.

कुणी हसलं नाही. कारण फिल्म धरत नव्हती. पट्टी पुढे गेली की मागचा भाग पुन्हा सुटायचा. एक सुरकुती उठली आणि सरळ 'य'वर जाऊन थांबली. हायवेकडून वारं सुटलं, मोकळा कोपरा फडफडू लागला. शिवानी खाली वाकली आणि तिने वास घेतला.

"आबा, डिझेलनं पुसलं व्हय हिला?"

आनंदरावांचा चेहरा उतरला. डिझेलच्या फडक्याने जुन्या गाडीला चकाकी येते, ही आमच्या भागातल्या ड्रायव्हरांची सवय. "फिल्मखाली चांगली दिसावी म्हणून सकाळी जरा पुसली," ते म्हणाले.

"तेलावर कसं चिकटंल? काढावं लागंल आता. धुऊन पुन्यांदा लावू."

"काढताना नाव संगं यायचं न्हाई ना?"

शिवानीने फवारणीची बाटली उचलली. तिने फिल्मखाली पाणी फवारलं आणि एका बाजूने ती उचलायला सुरुवात केली. मित्रांनो, खड्ड्यात आपटले तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. 'धा' सुटला, शाबूत. 'य' शाबूत. 'ट', 'वा' शाबूत. डिझेलमुळे तिथे गोंद बसलाच नव्हता. पण आनंदरावांचा खांदा आखडलेला, हात लांबवर जात नाही. सकाळी त्यांचं फडकं माझ्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचलंच नव्हतं. तिथे गोंद घट्ट बसला होता.

"थांब!" आनंदराव ओरडले.

उशीर झाला होता. फिल्मबरोबर 'डी' उचलून आला. माझ्या अंगावर तेवढ्या जागी उघडा पत्रा राहिला.

"आबा, माज्यामुळं…"

"तुज्यामुळं न्हाई. फडकं म्या मारलं." ते जोत्यावर बसले. मग म्हणाले, "लियाकतभाई, एवढं एकच अक्षर. काढा की."

लियाकतभाईंनी पिशवीतून पिवळा डबा आणि ब्रश काढला. पत्र्यापाशी ब्रश नेला, पण टोक इतकं हलत होतं की रंगाचा थेंब भलतीकडेच पडला. त्यांनी तो बोटाने पुसला आणि ब्रश आनंदरावांपुढे धरला.

"तू काढ."

"म्या? माझी सही बघून बँकेतला साहेब हसतो. शिवानीनं शिकवलं तेवढंच येतंय."

"हसू दे. वाडी साहेबाची हाय का तुझी?"

आनंदरावांनी ब्रश हातात घेतला. मग वाकले. श्वास रोखून त्यांनी 'ड' काढला, त्याला वेलांटी दिली. अक्षर जाड झालं, एका अंगाला कललं. शिवानीने विचारलं, "पुसून परत काढायचं का?"

"हात लावू नको," लियाकतभाई म्हणाले.

रंग पुरता वाळेपर्यंत बरेच आठवडे मी अंगणातच उभी होते. मग शिवानीने मला साबणाने धुतलं, कोरडं केलं, पुन्हा धुतलं. पहिली फिल्म वाया गेली होती, म्हणून दारांसाठी ठेवलेला तुकडा नावावर लावला. माझ्या दारांना अजून खडे लागतात, त्याचं मला काही नाही. पट्टी शेवटच्या अक्षराकडे सरकली तेव्हा आनंदराव पाठ फिरवून उभे होते. "आबा, बसली," असं ऐकल्यावरच ते वळले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जपा. जपताना घाई करू नका, आणि आपल्याला माहीत नसलेलं काम असेल तर एकमेकांना सांगून, विचारून करा. माया पुष्कळ असली तरी तेलकट फडकं ते तेलकटच.

परवा सारोळ्याच्या पुलापाशी वाडीतल्या धोंडाबाई भेटल्या. त्या प्रौढांच्या वर्गात जाऊन नुकत्याच वाचायला शिकल्या आहेत. फिल्मवर बोट ठेवून त्या एकेक अक्षर लावत गेल्या आणि शेवटच्या अक्षरावर थांबल्या.

"ह्यो 'डी' लई वाकडा बाई. कुणी काढला?"

"म्या," आनंदराव म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली नाही.