स्टिअरिंगशेजारचा गिअर

मित्रांनो, माझ्यावरून दोन मोठ्या माणसांनी मिशांची पैज लावली! मी कोण? मी एक जुनी टॅक्सी. नऊ वर्षं इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर उभी होते. माझ्या बॉनेटवर तो ओल्या चादरी वाळत घालायचा.

"हिला भंगारात दे बाबा एकदा," तो समोरच्या चष्मेवाल्याला म्हणाला.

"भंगारात तू जा! दोन महिन्यांनी रविवारी आमचे बाबा त्यांच्या गाडीत बसून चौकात येतील."

"आले तर माझी अर्धी मिशी! भरचौकात!"

"नाही आले तर माझी!"

गल्लीने टाळ्या पिटल्या. मला कुणी विचारलं नाही. आम्हाला कोण विचारतं?

चष्मेवाल्याच्या बाबांनी मला एकतीस वर्षं चालवलं. लोक म्हणायचे, काय लोण्यासारखी चालते! माझा गिअर खाली नव्हता, स्टिअरिंगच्या शेजारी होता. तिथे बाबांचा हात न बघता जायचा. मग त्यांची दृष्टी गेली आणि मी उभी राहिले. अलीकडे ते थकले होते. मुलाला एकच म्हणायचे, "एकदा तिच्यात बसव रे. हाताला तरी दिसेल."

मेस्त्री आले. माझ्या कंपनीला टाळं लागून जमाना झाला होता, सुटे भाग आणायचे कुठून? मग सुरू झाली उसनवारी. कार्बोरेटर दुसऱ्याच गाडीचा, मध्ये पत्रा कापून बसवलेला. डायनामो ट्रॅक्टरचा. दाराचं हँडल टेम्पोचं. ते उलटं बसलं, म्हणून दार उघडायला वर ओढायचं. मी म्हटलं, चालेल. म्हातारपणी लोक दातसुद्धा दुसरे लावतात.

अडलं ते गिअरपाशी. त्याच्या दांड्या झिजून गेल्या होत्या. मेस्त्री भंगारवाल्याकडे जाऊन आले.

"साहेब, हिची जुळी बहीण आहे त्याच्याकडे. दांड्या शाबूत आहेत. पण तिच्यावर तीन ट्रक पडलेत. उपसायला तीन आठवडे म्हणतोय."

"आणि रविवार नऊ दिवसांवर आलाय!"

"थांबा की. हा भाग थांबण्यासारखा आहे."

"तो इस्त्रीवाला रोज मिशीला पीळ देऊन दाखवतोय मला. दुसरं काही बसव."

"व्हॅनचा गिअरबॉक्स बसेल. पण दांडी खाली येईल."

"येऊ दे. गाडी चालल्याशी मतलब."

मेस्त्रींनी माझ्या तळाला भोक पाडलं. मी ओरडले असते, पण हॉर्नही तेव्हा काढून ठेवलेला होता.

रविवारी मी चालले. लेकाने चालवलं, बाबा शेजारी बसले. चौकात शिट्ट्याच शिट्ट्या! न्हाव्याने खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. इस्त्रीवाला खुर्चीत बसला, गालाला फेस लागला.

"मला स्टिअरिंगवर बसव," बाबा म्हणाले.

लेकाने इंजिन बंद करून त्यांना या बाजूला बसवलं. बाबांनी स्टिअरिंग चाचपलं. हसले. मग त्यांचा हात सवयीने शेजारी गेला आणि हवेत मिटला. पुन्हा गेला. पुन्हा मिटला.

"गिअर कुठाय?"

"खाली आहे बाबा. नवीन बसवलाय."

हात मांडीवर परत आला.

"कुणाची आहे रे ही?"

"आपलीच, बाबा!"

"मला दिसत नाही, पण मी वेडा नाही. उतरव मला."

दार उघडायला त्यांनी हँडल खाली दाबलं. ते वर ओढायचं होतं.

मित्रांनो, जुनी गाडी दुरुस्त करा, जरूर करा. पाहिजे तर ट्रॅक्टरचं, टेम्पोचं, कुणाचंही लावा. पण आधी विचारा, हिचा कुठला भाग कुणाच्या हाताच्या ओळखीचा आहे. तेवढ्या एका भागासाठी तीन आठवडे थांबा. मी नऊ वर्षं थांबले होते, आणखी तीन आठवड्यांनी काय गंजून मेले असते?

लेकाने बाबांना उतरवलं, पायरीवर बसवलं आणि सरळ खुर्चीपाशी गेला.

"ऊठ."

"अरे, जिंकलास तू!" इस्त्रीवाला फेसातून म्हणाला.

"बाबा त्यांच्या गाडीत आले नाहीत. ऊठ म्हणतो ना!"

तो उठला. लेक बसला.

"कुठली बाजू?" न्हाव्याने विचारलं.

"कुठलीही."

वस्तरा फिरला. चौक खो-खो हसला, पोरं नाचली. पायरीवरून बाबा विचारत होते, "काय झालं रे? कशाला हसताय?" त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.