अठ्ठावीस दिवसांची बाटली

परवा सुईच्या टोकावरचा थेंब हुंगून आमच्या ह्यांनी सिरिंज बशीत ठेवून दिली. "फरशी पुसायच्या औषधाचा वास येतोय. हे पोटात टोचून घ्यायचं?"

हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी नव्यानेच लिहून दिलेल्या इन्शुलिनसोबतचा कागद वाचला आणि त्यात क्रेसॉल हे जंतुनाशकाचं नाव सापडल्यावर तर विषयच मिटला. परवाचा डोस चुकला, कालचाही. साखर साडेतीनशेच्या वर. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, असंच चाललं तर दवाखान्यात भरती करावं लागेल.

मी सव्वीस वर्षं औषधाच्या कारखान्यात आहे आणि घरच्यांची समजूत अशी, की मी तिथे बाटल्या मोजते. आज सकाळी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि माझं खरं काम सांगितलं. इन्शुलिनच्या नमुन्यात मी मुद्दाम जंतू सोडते आणि अठ्ठावीस दिवस बघत राहते, किती जगतात ते. क्रेसॉल असलं की मरतात. एकाच बाटलीत रोज सुई जाते, तिच्यासोबत जंतूही जाऊ शकतात. म्हणून ते घालायचं, आणि तरीही उघडलेली बाटली अठ्ठावीस दिवसांनी टाकायची.

त्यांनी ऐकून घेतलं. "आणि माझं काय करेल ते?"

"जास्त झालं तर वाईटच, म्हणून अगदी थोडं, मोजून घालतात. कुणाला टोचल्या जागी आग होते, लाल होतं. क्वचित ॲलर्जी येते. तसं झालं तर डॉक्टरीणबाईंना विचारू. पण इन्शुलिन न घेता तुमचं काय होईल, ते मला बघायचं नाहीये हो."

त्यांनी शर्ट वर केला. "तूच टोच."

रबरी बुचात हजारो वेळा सुई घातली असेन, माणसाच्या अंगात कधीच नाही. नव्या सिरिंजमध्ये डोस भरला, पण सुई कातडीपाशी नेऊन दोनदा मागे घेतली. "जंतूंवर बरा चालतो हात," हे म्हणाले. मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच सुई गेलीसुद्धा. फार बरं वाटलं मला.

मग त्यांनी बारीक टोकाचं पेन काढून बाटलीवर तारीख घातली. परवाची. म्हटलं, अहो, सुरुवात तर आज झाली.

"पहिली सुई परवा गेली ना आत," ते म्हणाले. "तुझे अठ्ठावीस दिवस तिथूनच मोजायचे."