हरलेल्या गटातला प्लेयर

मी एक डिस्क प्लेयर बोलतोय. रंगाने काळा, अंगाने चपटा आणि गटाने हरलेला.

माझ्या जन्माच्या वेळी टीव्हीवर लख्ख चित्र दाखवणाऱ्या डिस्क दोन जातींच्या निघाल्या. दिसायला जुळ्या, पण एका जातीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालायची नाही. कंपन्यांनी आपसात बसून एक जात ठरवायची, तर त्यांनी गिऱ्हाइकालाच झुंजीत उतरवलं.

माझा मालक वजनकाटे दुरुस्त करणारा. दुकानदाराने अर्धा तास डोकं खाल्लं. मालकाने ते शांतपणे ऐकलं आणि दोन्ही यंत्रं हातावर तोलून पाहिली. बायको म्हणाली, "अहो, कलिंगड घेताय का?" जड वस्तू टिकते, असा त्याचा हिशेब. मी जड होतो.

मी रेकॉर्डिंगही करायचो. बायको लेकीला पोहायला शिकवत होती, त्याची जुनी कॅसेट त्याने माझ्या डिस्कवर उतरवली आणि आता कशाला हवी म्हणून कॅसेट फेकून दिली. वर्षभरात माझ्या कंपनीने हात वर केले आणि माझी जातच बंद केली. पत्रकात बाजाराबद्दल चार ओळी होत्या, गिऱ्हाइकाबद्दल चकार शब्द नाही.

पुढे बायको वारली. माझी नजरही अधू झाली. सुटे भाग मिळत नाहीत, चालेल तोवर चालेल, असं मेकॅनिकने सांगितलं. त्या दिवसापासून मालकाने मला लावणंच सोडलं. बघता बघता बंद पडलो तर, ही भीती. रोज माझ्यावरचं फडकं तेवढं झटकायचा.

शेवटी ती डिस्क उतरवून घ्यायला लेक वायर आणि कॉम्प्युटर घेऊन आली. मालक आडवा आला.

"बाबा, आई त्या फडक्याखाली काय करणार आहे?"

तो बाजूला झाला.

बाराव्या मिनिटाला मी अडकलो. बायकोचा पाण्यावरचा हात पडद्यावर तसाच थिजला. मी सगळा जीव डोळ्यात आणला आणि चित्र सुटलं. "पाय मार गं, मी धरलंय," ती म्हणाली. मालक खाली बसला.

सगळं उतरवून झालं, त्यानंतर मी पुन्हा सुरू झालो नाही. माझी तक्रार नाही. पण उद्या कुणी नवं यंत्र विकायला आलं, तर चित्र किती स्वच्छ दिसतं हे मागाहून विचारा. आधी विचारा, तुम्ही दुकान गुंडाळलंत तर आमच्या माणसांना कुठे बघायचं?