गरज सिद्ध होत नाही

केरूच्या ठासणीच्या बंदुकीने आजवर एकही डुक्कर मेलं नव्हतं. एक बार काढला की भातात शिरलेला कळप डोंगराकडे पळे, एवढंच तिचं काम. शेतीसंरक्षणाचा परवाना बापाच्या वेळेपासूनचा.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर आणायच्या. केरू एवढा सरळ, की नोटीस यायच्या आधीच बंदूक गोणपाटात गुंडाळून निघे. लोकसभेनंतर तो आणायला गेला, तर हवालदार खामकर म्हणाले, "आता विधानसभा, मग झेडपी. कशाला हेलपाटे घालतोस? राहू दे इथंच." केरूला पटलं. तिथंच तो फसला.

परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणासाठी पोलिसांचा अहवाल लागतो, तो खामकरांनीच लिहिला: अर्जदाराने दीर्घकाळ शस्त्र परत नेलेले नाही, सबब गरज सिद्ध होत नाही. त्यावर कलेक्टर कचेरीने अर्ज फेटाळला.

केरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंदूक तुमीच ठेवून घेतलीत सायेब, मंग डुकरांवर काय शिट्टी फुकू?"

"अपील कर ना," खामकर मायेने म्हणाले. त्या मायेचाच त्याला जास्त राग आला.

अपील आयुक्तांकडे, थेट नवी मुंबईला. तिकडे नोकरी करणाऱ्या लेकीने, दर्शनाने, रजा टाकून बापाला नेलं. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, पोलिसांचं चुकलंच म्हणाला. केरूचे डोळे भरून आले. आदेश निघाला, फेरचौकशीचा.

"चौकशी कोण करणार?" दर्शनाने विचारलं.

"संबंधित पोलीस ठाणे."

तोवर भाताची दोन पिकं डुकरांनी लोळवली होती. यंदा बायकोने, सगुणाने, लावणीलाच नकार दिला. "डुकरांसाठी मी चिखलात वाकनार नाय," ती म्हणाली. खाचरं ओस पडली.

फेरचौकशीला खामकरच आले. सगुणाने पाणी दिलं. बांधावर उभं राहून त्यांनी गवत माजलेली खाचरं पाहिली, आणि लिहिलं: पाहणीत जागेवर कोणतेही पीक आढळले नाही, सबब संरक्षणाची गरज सिद्ध होत नाही.

"यात खोटं काय असेल तर सांग," त्यांनी कागद पुढे केला.

केरूने दोनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. त्याने सही केली.