पांढऱ्या दोऱ्याची पिशवी

फोनवर काही न सांगता आसावरी बारामतीहून थेट शेळगावला आली, तेव्हाच सिंधुबाईनं काय ते ओळखलं. प्रयोगशाळेतली माणसं चांगली बातमी द्यायला एवढी गाडी काढत नाहीत, हे तिला न शिकता कळत होतं.

सिंधुबाई आणि झुंबरतात्या या नवरा-बायकोची डाळिंबाची चारशे झाडं. त्यांतली पाटाकडची बारा श्रावणात उभ्या उभ्या वाळली. आसावरी मुळांत राहणाऱ्या बुरशींचा अभ्यास करायची. तिनं दोन पिशव्या देऊन ठेवल्या होत्या: लाल दोऱ्याच्या पिशवीत आजारी झाडाची मुळं भरायची, पांढऱ्या दोऱ्याच्या पिशवीत चांगल्या झाडाची. सिंधुबाईनं दोन्ही भरून दुधाच्या टेम्पोबरोबर धाडल्या, त्याला आता तीन आठवडे झाले होते.

चहा पुढ्यात निवत होता. आसावरीनं कपाला हात लावला नाही.

"काकू, ह्या बुरशीत दोन सख्ख्या बहिणी असतात. दिसायला अगदी एकसारख्या. एक झाडाला मारते. दुसरी मुळांत राहते, झाडाला काही करत नाही, उलट मारणारीला आत शिरू देत नाही."

"म्हंजी नवरीसंगं पाठराखीण जाती तसं?"

"तसंच. मारणारीकडं एक गुणसूत्र जादा असतं, तिची हत्यारांची पेटी म्हणा. नुसत्या भिंगातून ते समजत नाही. म्हणून आम्ही बुरशीचा सगळा जीनोम, म्हणजे तिची जन्माची कुंडली, अक्षर न् अक्षर वाचतो आणि एकीची दुसरीशेजारी लावून बघतो."

"मग काय निघालं?" तात्यांनी विचारलं.

"दोन्ही पिशव्यांत मारणारीच निघाली."

म्हणजे बाग वरून हिरवी, आतून गेलेली. सगळी झाडं मुळासकट उपटून जाळायची, नाहीतर पाण्याबरोबर रोग शेजाऱ्यांच्या रानात जाणार. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विशाल, त्यांचा मुलगा, तोंडाचा फटकळ आणि कामाला त्याहून उतावळा. त्यानं तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला. उद्या सकाळी आठला यायचं ठरलंसुद्धा.

"एकच खटकतंय," आसावरी म्हणाली. "दोन टोकांची दोन झाडं, दोन्हींतल्या बुरशीच्या कुंडलीत थोडा तरी फरक पडायला हवा होता. इथं एका अक्षराचाही नाही. आमचे प्रयोगशाळेतले सर म्हणतात, एकच बुरशी बागभर पसरली असेल."

सिंधुबाईला पिशव्या भरल्या तो दिवस आठवला. पांढऱ्या दोऱ्याची पिशवी घेऊन ती चांगल्या झाडाशी गेली होती, हे खरं. बुंध्याशी बसली होती, हेही खरं. पण झाडावर लिंबाएवढी फळं लगडलेली. खुरपं मातीला लावलं आणि हात पुढं जाईना. मग ती उठली, वाळलेल्या झाडाशी गेली आणि दुसरी पिशवीही तिथंच भरून मोकळी झाली. मुळं ती मुळं, त्यात काय बघायचंय, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आता तिला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. तरी ती बोलली.

"आसावरीताई, दोनी पिशव्या येकाच झाडाच्या हायत. मेलेल्या."

कुणालाच कळेना.

"लेकुरवाळं झाड व्हतं ओ. त्याची मुळं कशी तोडू? बाळंतिणीच्या अंगाला कुणी कोयता लावतं व्हय?"

"आगं ए बये!" तात्या ताडकन उठले. "चारशे झाडं चालली व्हती की तुझ्यापायी!"

आसावरी मात्र हसत सुटली. "म्हणून एका अक्षराचाही फरक नव्हता! काकू, मी माझ्या यंत्राला नावं ठेवत बसले होते." मग ती गंभीर झाली. "पण अजून बाग सुटली नाही हं. चांगल्या झाडांत कोण आहे, ते आपल्याला माहीतच नाही. आज पाच झाडांची मुळं लागतील. मी खणू?"

"न्हाय. मीच खणते."

विशालनं तोंड वाकडं करत जेसीबीचं काम पुढं ढकललं. सिंधुबाईनं खुरपं बाजूला ठेवून हातानं माती उकरली, केसासारखी मुळं तेवढी कात्रीनं घेतली. पहिल्या झाडाची फळं तिनं आधी मोजून ठेवली होती. एकतीस. गळाली तर आपल्या माथी, असं ती म्हणाली.

पुढचे आठ दिवस सगळे फोनची वाट बघत होते. या वेळी आसावरीला सगळी कुंडली वाचायची नव्हती, ती हत्यारांची पेटी आहे की नाही एवढंच बघायचं होतं. तरी बुरशी वाढायला तिचे दिवस घेतेच.

नवव्या दिवशी फोन वाजला. विशालनं तो स्पीकरवर टाकला.

"काकू, पाचही झाडांत पाठराखीणच आहे! पेटी कुठंच नाही. ती पाटाकडची ओळ काढून जाळा, मधे चर खणा. बाकीची बाग राहू द्या."

तात्या बांधावर बसले. "राहिली," एवढंच म्हणाले आणि परत एकदा म्हणाले. विशालनं जेसीबीवाल्याला फोन करून एकाच ओळीचं काम सांगितलं.

सिंधुबाई पहिल्या झाडाशी गेली. उकरलेली माती तिनं तळव्यानं पुन्हा दाबली, मग फळं मोजायला घेतली. मधेच डोळे भरून आल्यानं आकडा चुकला, म्हणून पदरानं डोळे पुसून तिनं पहिल्यापासून मोजलं.

एकतीसच होती.